हंगामाचा खोकला

यंदा आमच्या खळ्यावर तंबाखू नाही. माघ निम्मा सरला आहे. निपाणीच्या बाजाराला गेलेली माणसं तिथल्या वखारींचा झणका कपड्यांना घेऊन परत येतात, पण आमचं खळं रिकामं आहे आणि शेतात ऊस उभा आहे. गावात ज्यांची तंबाखू आहे त्यांची खळी ओढ्यापलीकडं, लांब. आमच्या दारापर्यंत त्यांची धूळ पोचत नाही. आणि तरीही गेल्या आठवड्यापासून मला खोकला आहे.

खोकला कुणाला होत नाही, असं कुणीही म्हणेल. मीसुद्धा म्हणाले असते. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं. केस गेले आणि परत आले, तेही कुरळे आले, जन्मात नव्हते तसे. उपचार संपले त्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की ही गाठ ज्या जातीची आहे तिची पहिली दोन-तीन वर्षं फार जपायची. परत यायची झाली तर ती बहुतेक याच काळात येते, आणि येते तेव्हा पुष्कळदा फुप्फुसात येते. पाच वर्षं ओलांडली की भीती बरीच उतरते. तोवर दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं, आणि मध्ये कुठलंही नवीन दुखणं, हाडाचं, डोक्याचं, किंवा खोकला, दोन-तीन आठवड्यांवर टिकलं तर तारखेची वाट न बघता यायचं. डॉक्टर तरुण होत्या, धारवाडकडच्या. मराठी जपून बोलायच्या. "खोकला" हा शब्द त्यांनी अगदी स्पष्ट उच्चारला, मी शाळेत जोडाक्षर शिकवते तसा.

आता निपाणीच्या बाजूला नांदणाऱ्या बाईला खोकल्यावर लक्ष ठेवा म्हणून सांगणं म्हणजे पावसात भिजणाऱ्याला कुठला थेंब कुठल्या ढगातला ते सांग म्हणण्यासारखं आहे. माघ-फाल्गुनात इथं सगळेच खोकतात. रानात वाळलेली तंबाखू खळ्यावर येते, पान मोडतात, चाळतात, आणि तिचा खकाणा, ती झणझणीत भुकटी, गावभर तरंगत राहतो. पदर तोंडाला बांधा, दारं लावा, तो भाकरीच्या पिठातसुद्धा उतरतो. बसचा कंडक्टर तिकीट देता देता ठसकतो. वर्गात शुद्धलेखन घालताना एका वाक्यात चार मुलं खोकतात आणि पाचवी मी. दाराआड कोण उभं आहे ते हाक मारण्याआधी खोकल्यावरून कळतं. हा आमचा हंगाम आहे आणि हा त्याचा आवाज आहे.

माझं माहेर सांबऱ्याकडचं. तिथं भात, भाजीपाला आणि डोक्यावरून जाणारी विमानं, तंबाखूचं नाव नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच माघात मी खोकून खोकून अंथरूण धरलं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, त्या मूळच्या चिकोडीकडच्या, निम्मं आयुष्य कन्नडात आणि निम्मं मराठीत काढलेल्या. गुळाचा काढा घेऊन उशाशी बसल्या आणि हसून म्हणाल्या, खोकलीस न्हवं, आता हितली झालीस. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पुढं दर वर्षी पहिला ठसका लागला की आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो. एवढ्या साध्या गोष्टीतसुद्धा आपलेपणा असतो, आणि तो जाईपर्यंत आपल्याला ठाऊक नसतं.

माझी गाठ कुठल्या जातीची, हे मला बऱ्याच उशिरा नीट समजलं. गाठीच्या पेशींवर तीन प्रकारच्या खुणा शोधतात. खूण सापडली की त्या खुणेवर चालणारं औषध असतं, आणि उपचार संपल्यावरही ते पुढं वर्षानुवर्षं घेता येतं. माझ्या गाठीवर तिन्हींपैकी एकही खूण नव्हती. म्हणजे केमो संपली त्या दिवशी माझ्यापुरतं औषधच संपलं. घरी जा, जेवा, चाला, तारखेला या. मी डॉक्टरांना विचारलं, मी रोज काय घ्यायचं? त्या म्हणाल्या, काही नाही. हे "काही नाही" मी पिशवीत घालून घरी आणलं आणि तेव्हापासून रोज सकाळी तेच घेते.

माझ्याबरोबर केमोला खानापूर तालुक्यातली, नंदगडजवळच्या एका खेड्यातली मंगल होती. तिच्या गाठीवर खूण होती, त्यामुळं तिला रोजची गोळी आहे. गोळीनं तिचे सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, ती गोळीला शिव्या घालते. मला त्या गोळीचा हेवा वाटतो. लोक दुसऱ्याच्या घरावर, दागिन्यावर, सुनेवर जळतात. दुसरीच्या कॅन्सरच्या गोळीवर जळणारी मी एकटीच असेन. एकदा तपासणीच्या दिवशी मी तिला तसं बोलूनही दाखवलं. तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "आक्का, निम्मी मोडून देऊ काय? कुणाला कळतंय?" मी हसले. मग मला रडू आलं. मग ती हसली आणि तीही रडली. गोळी माझ्या काही कामाची नव्हती, ते दोघींना माहीत होतं.

आमच्या मालकांना मात्र डॉक्टरांचं म्हणणं माझ्याआधी कळलं होतं. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बायका असंच म्हणतात, आणि मी शिक्षिका असले तरी मला ते आवडतं, त्यात थोडी थट्टा मिसळता येते. डॉक्टर सांगत होत्या की गाठ काढली, पण डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी कुठं राहिल्या असतील तर सांगता येत नाही. मालक खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, तंबाखूचा शेंडा खुडला की पानांच्या बगलेतनं फुटवं येत्यात, तसं काय? डॉक्टरांना तंबाखू माहीत नव्हती. मालकांनी हातानं दाखवून समजावलं. शेंडा खुडायचा म्हणजे जोर पानात उतरतो, पण झाड ऐकत नाही, खालून फुटवा काढतं. तो मोडला की दुसरीकडून काढतं. हाताला काळा चिकटा चढेपर्यंत ओळीओळीनं फिरत राहायचं. डॉक्टर म्हणाल्या, साधारण तसंच समजा. घरी आल्यावर पायरीवर बसून चपला काढता काढता म्हणाले, "एकदा खुडून फुटवा थांबलाय असं रान मी अजून बघितलेलं न्हाय."

इतकं खरं बोलणारा माणूस घरात असला की त्रास होतो. बाकीच्यांचा त्रास वेगळा. सगळं चांगलंच होणार म्हणणारे, मन खंबीर ठेव म्हणणारे, हळद-आलं-गोमूत्र सांगणारे, आणि मोबाईलवर उगवत्या सूर्याची चित्रं पाठवणारे. एका बाईनं मला सांगितलं की विचारांनीच आजार येतो आणि विचारांनीच जातो. मी तिला म्हटलं, मग तुमचा मोतीबिंदू कुठल्या विचारानं आला? त्यानंतर ती आली नाही, हे एक बरं झालं.

आत्तींनी शब्द वापरले नाहीत, नियम घेतला. आम्ही जैन. आमच्यात काही मागायचं असलं की आधी काहीतरी सोडायचं. आत्ती पोरवयापासून भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावत आल्या. सकाळची मिश्री झाल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नसे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंतांपुढं उभं राहून त्यांनी माझी पाच वर्षं पुरी होईपर्यंत मिश्री सोडली. पहिला महिनाभर घरात कुणालाही त्यांच्यासमोर उभं राहण्याची सोय नव्हती. तव्यावर भाकरी आपटायच्या, म्हशीवर खेकसायच्या. एवढ्या वयाच्या बाईनं माझ्यासाठी तोंडातला घास सोडावा तसं हे केलं, आणि मला मात्र त्याचं ओझंच झालं. आजारी मी, आणि माझ्या शरीरानं कुणाकुणाचा नियम सांभाळायचा?

गेल्या वर्षीचा तो हंगाम आता सांगते, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसले आहे.

गेल्या माघात आमच्या खळ्यावर तंबाखू मोडायला सुरुवात झाली आणि त्याच आठवड्यात मला खोकला लागला. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? सगळ्यांना लागला होता. आत्ती खोकत होत्या, मालक खोकत होते, गडी-बायका पदर बांधून खोकत होत्या, आणि त्या सगळ्यांत माझाही खोकला होता, गर्दीत आपलं माणूस दिसावं तसा. मी हंगामातली होते. इतरांसारखी होते.

दोन-तीन दिवस हे सुख टिकलं. मग मी ऐकायला लागले. माझा खोकला इतरांच्यासारखाच आहे का? आत्तींचा ओला आहे, माझा कोरडा का? मालक खळ्यावर खोकतात आणि घरात आले की थांबतात. मी घरात का खोकते? शाळेत का? शाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. फळ्यावर लिहिताना उबळ आली की मी खडू हातात तसाच धरून थांबायचे आणि मुलांना वाटायचं बाई आठवतायत.

मग मी एक गोष्ट करायला लागले, जी मला अजून नीट सांगता येत नाही. शाळा सुटली की मी सरळ खळ्यावर जायचे आणि ऐन खकाण्यात जाऊन बसायचे. जिथं पान मोडत असत तिथं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कामाच्या बायका म्हणायच्या, बाई, तुमी कशाला हितं, कापडं नासतील. मी म्हणायचे, बसू दे गं, घरी करमत नाही. नाकात, घशात, डोळ्यांत ती धूळ जायची, कडू आणि गोडसर, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि मी खोकायचे. मनसोक्त खोकायचे. कारण तिथं खोकल्याला कारण होतं. कुणी विचारलं असतं तर मी बोट दाखवून सांगितलं असतं, ही काय समोर पडलीय. घरी परतल्यावर उबळ आली तरी मनाला सांगता यायचं, आत्ताच खळ्यावरून आलीस ना, मग? मी माझ्या खोकल्याला रोज नवं कारण पाजून आणत होते.

शहाण्या बाईनं असं करावं का? मी मुलांचा विज्ञानाचा तासही घेतलेला आहे. धूळ टाळली तर खोकला कशानं आहे ते दोन दिवसांत कळलं असतं. तेच तर नको होतं. कळणं नको होतं. भीतीनं माणूस पळतो असं आपण म्हणतो, पण मी पळाले नाही, मी धुळीत मांडी घालून बसले.

माझी मुलगी श्रेया बेळगावात शिकायला असते. ती रोज संध्याकाळी फोन करते. तिच्या फोनची वेळ झाली की मी मागच्या दारी जाऊन आधी खोकून घ्यायचे, घशात काही शिल्लक राहू नये म्हणून. मग फोन उचलायचा आणि थोडकं बोलायचं. ती म्हणायची, आई, तुझा आवाज बसलाय. मी म्हणायचे, शाळेत ओरडून. माझ्या रक्ताची ती वंशातून उतरणारी खोड शोधायची तपासणी झालेली आहे, त्या तपासणीत काही निघालं नाही, तेवढा एक घोर टळला. पण श्रेया अजून माझ्या आवाजाकडं कान लावून असते, आणि तो कान मला सहन होत नाही.

महिनाअखेरीला तपासणीची तारीख होती. मी म्हटलं, हंगामाच्या गडबडीत कुठं जायचं, तंबाखू एकदा पोत्यांत भरून वखारीला गेली की जाऊ. मालक लगेच हो म्हणाले. फारच लगेच म्हणाले. खुडायची वेळ एक दिवस पुढं गेली तर दोन दिवस जेवण न जाणारा माणूस हा. मी त्यांच्याकडं बघितलं नाही आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. संसारात इतकी वर्षं काढल्यावर एकमेकांना न बघण्याचंही वळण पडतं.

पाडवा झाला. शेवटची गाडी भरून गेली. खळं झाडून झालं, घरं धुतली गेली, वळवाचा एक शिडकावा होऊन गेला आणि गावातली हवा स्वच्छ झाली. मला इतकी भीती जन्मात कधी वाटली नव्हती. एकेकाचा खोकला थांबत गेला. कंडक्टरचा थांबला, वर्गातल्या मुलांचा थांबला, आत्तींचा थांबला. गाव गप्प होत गेलं आणि माझा खोकला वर यायला लागला.

एके दिवशी सकाळी बस्तीत आत्तींबरोबर गेले होते. अभिषेक चालला होता. बायका ओळीनं बसलेल्या, दुधाची धार मूर्तीवरून उतरत होती, आणि कुठं शिंकेचाही आवाज नव्हता. मला उबळ आली. दाबली, पदर तोंडात धरला, डोळे बाहेर यायची पाळी आली, आणि मग ती सुटलीच. दगडी बांधणीत तो आवाज घुमला. पुजारी क्षणभर थांबले. ओळीतल्या सगळ्या बायकांनी मान वळवून बघितलं आणि लगेच पुन्हा वळवून घेतली. त्या वळवून घेतलेल्या मानांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या घरात हा विषय किती दिवस चालू होता कोण जाणे.

आत्तींनी माझा हात धरला. त्या घाबरल्या की कन्नडात बोलतात. "एनू आगंगिल्ल," त्या पुटपुटल्या, "एनू आगंगिल्ल." काही होणार नाही. मला म्हणत होत्या की समोरच्या मूर्तीला, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावला गेलो. दवाखान्याच्या त्या बोळात भिंतीला लावलेल्या खुर्च्या आहेत, आणि तिथं वर्षानुवर्षं येणाऱ्या आम्हा बायकांत एक अलिखित रीत आहे. न दिसणाऱ्या बाईबद्दल विचारायचं नाही. ती आली नसेल तर तिची तारीख बदलली असेल, असं समजायचं. त्या दिवशी मंगल होती. मला बघून तिला बरं वाटलं, कारण गेल्या तारखेला मी नव्हते आणि तिनं कुणाला विचारलं नव्हतं. मी खोकले तशी तिनं आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली, तिचं नाव पुकारलं गेलं तरी उठली नाही.

डॉक्टरांनी छाती ऐकली, बगल चाचपली, मानेजवळ बोटं दाबून बघितली. किती दिवस आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी खळ्यावर बसण्याचंही सांगितलं, का कोण जाणे, एकदम सगळंच सांगितलं. मालक शेजारी होते. त्यांना हे मी सांगेन असं वाटलं नव्हतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आधी छातीचं स्कॅन करून घेऊ.

त्या यंत्रात झोपलं की आवाज येतो, श्वास घ्या, धरून ठेवा. कन्नडात एकदा, हिंदीत एकदा. मी श्वास धरला आणि माझ्या मनात आलं की हा असाच धरून ठेवता आला तर खोकलाही नको आणि रिपोर्टही नको. आतून उबळ चढत होती. तिला म्हटलं, आत्ता नको गं बाई, आत्ता फोटो निघतोय.

रिपोर्टला संध्याकाळ झाली. मधल्या वेळात आम्ही समोरच्या खाणावळीत जेवायला बसलो. मालकांनी ताट मागवलं आणि भात कालवून तसाच ठेवला. मी मात्र सगळं जेवले. मला त्या दिवशी भयंकर भूक लागली होती, आणि याची मला लाज वाटली नाही. मी पापडसुद्धा परत मागून घेतला. मालक माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की मला त्यांच्यावर चिडावंसं वाटलं. असं बघायला मी काय गावाला निघाले होते?

फुप्फुसं स्वच्छ होती. धुळीनं घसा सोलला होता, श्वासनळ्या सुजल्या होत्या, त्यावर औषध दिलं, धुळीपासून लांब राहायला सांगितलं. "आत्ता काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. मालकांनी दोन्ही हात जोडले आणि ते बोळात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मंगल घरी गेली होती. मी तिला फोन केला, ती फोनवर गणपतीला हाका मारत सुटली.

मी आनंदात होते. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत होते. मग तो "आत्ता" माझ्या शेजारी येऊन बसला. आत्ता नाही, म्हणजे तीन महिन्यांनी बघू. तीन महिन्यांनी नसलं तर आणखी तीन महिन्यांनी. ज्याला परीक्षेत पास झालो असं कळतं त्याला निदान वरचा वर्ग मिळतो. मला त्याच वर्गात, त्याच बाकावर, तीच परीक्षा पुन्हा द्यायची होती. मालक खिडकीतून मोकळ्या पडलेल्या रानांकडं बघत होते. एकदम म्हणाले, औंदा ऊस लावायचा. मी म्हटलं, आजोबांपासून तंबाखू आहे तुमच्यात. ते म्हणाले, असूंद्या की. निर्णय झाला होता.

आत्तींनी मिश्री सोडली, मालकांनी तंबाखू सोडली. मला वाटलं, आता मी काय सोडू? माझ्याकडं सोडण्यासारखी एक भीतीच होती आणि ती मला सोडत नव्हती.

वर्ष गेलं. मधल्या तारखा नीट पार पडल्या, मी प्रत्येक तारखेला गेले, एकही चुकवली नाही. ऊस वाढला. ऑपरेशनच्या बाजूचा हात उंच करून वेणी घालता यायला लागली. दिवाळीत श्रेयानं मला नवी साडी आणली आणि मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले, सपाट बाजूसकट. मधले कित्येक दिवस असे गेले की दुपारपर्यंत मला आजाराची आठवणच झाली नाही. असे दिवस आले होते, हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी फक्त रडगाणं गाते असं होईल.

आणि आता हा खोकला. याला खळं नाही. याला गडी-बायका नाहीत, गावाचा आवाज नाही. याच्या अंगावर कुठलंच कारण टाकता येत नाही. मालकांनी माझ्या भल्यासाठी तंबाखू काढली आणि माझी लपायची जागाच काढून घेतली, असं मनात येतं. असं मनात येणं किती कृतघ्नपणाचं आहे ते मला समजतं. पण खरंच मला यंदा तंबाखू हवी होती हो. दारात, अंगणात, नाकातोंडात हवी होती. निदान महिनाभर तरी मला काही कळलं नसतं.

कदाचित साधा असेल. थंडी जाऊन ऊन लागतंय, शाळेत मुलांना सर्दी आहे. घसा गेल्या वर्षीपासून हळवा झालाय, असंही डॉक्टर म्हणतील. हे सगळं मी स्वतःला रोज सांगते. पण छातीच्या उजव्या अंगाला आत कुठंतरी एक जागा आहे, तिथून हा खोकला निघतो, आणि गेल्या वर्षी तो तिथून निघत नव्हता.

आज दुपारी मागच्या दारी भांडी घासत होते तेव्हा उबळ आली. नळ मोठा सोडला, म्हणजे आवाज पाण्यात जाईल. किती वेळ खोकले ते कळलं नाही. मान वर केली तर मालक उभे होते, पाण्याचा तांब्या घेऊन. शेतावरून कधी आले, किती वेळ ऐकत होते, माहीत नाही. मी पाणी प्याले. त्यांनी नळ बंद केला. मग ओढ्याच्या दिशेनं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "वारं तिकडनं हाय आज. त्यांच्या खळ्यावरचा खकाणा येतोय हिकडं."

वारं नव्हतं. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. जन्मभर वाऱ्याचा अंदाज घेऊन तंबाखू वाळवलेल्या माणसाला ते कळत नव्हतं असं नाही. ते वळले आणि माझ्याकडं बघत राहिले. इतकं खरं बोलणारा माणूस माझ्याकडून एक खोटं मागत होता.

"व्हय," मी म्हटलं. "तिकडनंच येतंय."

ते बरं म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला जायचं मी ठरवलं आहे, तारीख अजून लांब असली तरी. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. आत्तींनी चुलीवर भाकरी टाकली आहे, वांगं केलं आहे, मालकांना आवडतं तसं. आज त्यांना पोटभर जेवू दे. मग सांगते.